कोरडं स्नान

दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्स या गावाबाहेर, ले लोव्ह नावाच्या चढावर, एक दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर एकच मोठी खोली. तिची उत्तरेकडची बाजू जवळजवळ सगळी काचेची, आणि काचेला लागून भिंतीत एक उंच, उभी, चिंचोळी फट. दार म्हणावं तर रुंदी नाही, खिडकी म्हणावं तर उंची भलतीच.

आपल्याकडे जुन्या वाड्यात किंवा चाळीत कपाट जिन्याच्या वळणावर अडलं की दोर लावून गॅलरीतून वर ओढून घेतात. ही फट त्याच अडचणीवरचा तोडगा आहे. घर बांधणाऱ्याला आधीच ठाऊक होतं की या खोलीत आपण करणार आहोत ती चित्रं जिन्याने खाली उतरणार नाहीत. म्हणून १९०२मध्ये घर उभं राहिलं तेव्हाच चित्रांसाठी भिंतीतून वाट ठेवलेली होती.

घर बांधणारा पॉल सेझान. वय ६३, अंगात मधुमेह, स्वभाव चिडका. गावाच्या लेखी एका बँकवाल्याचा वाया गेलेला मुलगा. आणि ज्यांच्यासाठी भिंत फोडून ठेवली त्या होत्या न्हाणाऱ्या बायका. 'मोठ्या स्नानमग्ना' म्हणून आज ओळखली जाणारी तीन चित्रं. त्यांतलं एक लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आणि उरलेली दोन फिलाडेल्फियात, एकमेकांपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. शेवटची दहाबारा वर्षं सेझान आळीपाळीने या तिघींशी झगडत होता.

आता यातली गंमत बघा. लंडनच्या चित्रात अकरा बायका आहेत. कुणी बसलेली, कुणी टेकलेली, कुणी पाठमोरी. अंगावर कपडा नाही हे खरं, पण पाण्याचा थेंबही नाही. कुणाचे केस ओले नाहीत, कुणी अंग पुसत नाही, कुणी पाय पाण्यात सोडून बसलेली नाही. नाव वाचलं नसतं तर या बायका आंघोळीला जमल्यात असं कुणी म्हटलं नसतं. मग पाणी गेलं कुठे?

हा प्रश्न मला सुचला तो फिलाडेल्फियाच्याच दुसऱ्या एका चित्रामुळे. तिथल्या म्युझियम ऑफ आर्टमध्ये सेझानच्या मित्राच्या, रन्वारच्याही 'मोठ्या स्नानमग्ना' आहेत, १८८४ ते १८८७ या काळातल्या. त्यात एक मुलगी नदीत उभी आहे आणि काठावरच्या मैत्रिणीवर पाणी उडवण्याच्या बेतात आहे. मैत्रीण पाय वर घेऊन मागे सरकतेय. पाण्याचा गारवा आपल्यालाही जाणवतो. त्याच इमारतीत सेझानसमोर जाऊन उभं राहिलं की वाटतं, इथे आवाजच बंद झालाय.

युरोपच्या चित्रकारांनी आंघोळ शतकानुशतकं रंगवली. बरेचदा ती एक सोय होती. उघडं शरीर रंगवायचं तर काहीतरी सबब हवी. मग डायना देवी सख्यांसोबत न्हाते, बायबलमधली सुझाना न्हाते आणि झुडपाआडून दोन म्हातारे बघतात, राजा डेव्हिडला गच्चीवरून न्हाणारी बाथशेबा दिसते. पाहणारा असायचाच, चित्राच्या आत नाहीतर बाहेर. एकोणिसाव्या शतकात देवी गेल्या आणि त्यांच्या जागी पॅरिसचे सुट्टी साजरी करणारे लोक आले. मोने आणि रन्वार या जोडीने १८६९मध्ये सेन नदीकाठच्या एका न्हाण्याच्या जागी शेजारी शेजारी बसून चित्रं केली. त्यांत माणसं म्हणजे रंगाचे चारदोन ठिपके. खरी नायिका पाण्यावरची तिरीप. मोने-रन्वारसारख्या दृक्प्रत्ययवाद्यांचा जीव पाण्यावर, कारण पाणी क्षणात बदलतं आणि त्यांना तो क्षणच हवा होता.

त्यांच्यानंतरच्या मंडळींना नेमकं हेच खुपायला लागलं. या मंडळींना 'उत्तर-दृक्प्रत्ययवादी' हे नाव रॉजर फ्राय या इंग्रज समीक्षकाने १९१०च्या लंडनमधल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने दिलं. तोवर सरा, व्हॅन गॉग, गोगँ, सेझान हे चौघेही वारलेले होते, त्यामुळे आपण कोण आहोत हे त्यांना कधी कळलं नाही. तिरीप ठीक आहे, पण ती सरल्यावर मागे काय उरतं, हा त्यांचा प्रश्न. आणि त्यासाठी त्यांनी उचलला तोच पाण्याचा विषय. नदी तीच, काठ तोच, उघडी शरीरं तीच. फक्त क्षण काढून घेतला.

जॉर्ज सरा या चोवीस वर्षांच्या मुलाने १८८४मध्ये दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद असं एक चित्र पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनाला पाठवलं. एवढा आकार लढायांना आणि देवादिकांना शोभायचा. सराने त्यात बसवले होते आनिएरच्या नदीकाठी दुपारी पडलेले साधे तरुण. गोल टोपी घातलेला, गवतावर आडवा झालेला एक जण. पाय पाण्यात सोडून खांदे पाडून बसलेला दुसरा. पाण्यात कमरेइतका उभा, लाल टोपीचा पोरगा, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून पलीकडच्या काठाला हाक मारतोय. मागे क्लिशीच्या कारखान्यांची धुराडी. जवळच पॅरिसच्या मुख्य गटाराचं तोंड नदीत उघडत होतं, हे सराने दाखवलेलं नाही. दाखवायची गरजही नव्हती, पॅरिसमध्ये ते सगळ्यांना माहीत होतं.

चित्र नाकारलं गेलं. मग नाकारलेल्यांनी मिळून भरवलेल्या प्रदर्शनात ते लागलं, तेही खाण्यापिण्याच्या दालनात. या चित्रातलं ऊन मला फार आवडतं. ते कुणावर पडत नाही, सगळ्यांच्या आत मुरलेलं आहे. पाचसहा माणसं एकाच काठावर, आणि एकही दुसऱ्याकडे बघत नाही. तो हाक मारणारा पोरगा नसता तर सगळे दगडाचे पुतळे आहेत असंच वाटलं असतं. सराची ठिपक्यांची पद्धत तेव्हा अजून घडायची होती. ती हाताला बसल्यावर, दोनतीन वर्षांनी, तो या चित्राकडे परतला आणि त्या लाल टोपीवर वगैरे थोडे ठिपके देऊन गेला. हे चित्रही आज लंडनला आहे. तिथे गेलात तर टोपीजवळ नाक नेऊन बघा. केशरी आणि निळे दाणे शेजारी शेजारी दिसतील.

गोगँचं मी थोडक्यात सांगतो. तो १८९१मध्ये ताहितीला पोचला आणि पुढच्या वर्षी त्याने समुद्रात उडी घेणाऱ्या दोन स्त्रिया रंगवल्या. वाळू जांभळी, लाटा हिरव्या, झाडाचं खोड आडवं पसरलेलं. डोळे दिपतात. पण तो पोचेपर्यंत मिशनऱ्यांनी ताहितीच्या बायकांना गळ्यापासून घोट्यापर्यंत झगे घालायला लावले होते, बेट फ्रेंच वसाहत झालं होतं, आणि तिथे त्याने घरात आणलेली मुलगी जेमतेम तेरा वर्षांची होती. हे कळल्यावर ती चित्रं पहिल्यासारखी बघता येत नाहीत, निदान मला तरी.

सेझानकडे परत येऊ, कारण खरं कोडं तिथे आहे.

हा माणूस जन्मभर एकच गोष्ट सांगत आला की समोर बघून रंगवा. डोळ्यांपुढे विषय असल्याशिवाय कुंचल्याला हात लावायचा नाही. सँत व्हिक्त्वार नावाच्या एकाच डोंगरापुढे तो वर्षानुवर्षं जाऊन बसला. त्याच्या सावकाशीच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत. फळं सडायची, फुलं कोमेजायची, म्हणून कागदाची फुलं आणून ठेवायचा. व्होलार या चित्रविक्रेत्याने लिहून ठेवलंय की त्याला आपल्या व्यक्तिचित्रासाठी ११५ वेळा बसावं लागलं. एकदा डुलकी लागून तो खुर्चीसकट खाली आला तेव्हा सेझान खवळला, सफरचंद कधी हलतं का म्हणाला. शेवटी चित्र अर्धवट सोडलं आणि सांगितलं की सदऱ्याची पुढची बाजू तेवढी बरी जमलीय.

आणि हाच माणूस, स्नानाची चित्रं मात्र समोर कुणीही नसताना करत होता. चित्रं, जलरंग, रेखाटनं सगळी धरून हा आकडा दोनशेच्या आसपास जातो. त्यांतली जवळजवळ सगळी आठवणीतून, जुन्या वह्यांतून, दुसऱ्यांच्या शिल्पांवरून केलेली.

याची कारणं काही अंशी अगदी घरगुती आहेत. असं सावकाश काम करणाऱ्यापुढे कपड्याविना कोण, किती महिने बसेल? एक्ससारख्या लहान गावात बाईला नग्न बसवलं असतं तर बोभाटा झाला असता. एमिल बेर्नार या तरुण चित्रकाराने १९०४मध्ये विचारलं तेव्हा सेझानने आपल्या वयाची आणि गावाची हीच अडचण पुढे केली. बायकोची, ओर्तांसची, त्याने तिसेक तैलचित्रं केली, पण सगळी अंगभर कपड्यांतली, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. भीती आणखी खोल असावी. त्याला कुणी हात लावलेला चालत नसे. एकदा अडखळून पडता पडता बेर्नारने त्याला सावरलं, तर उपकार राहिले बाजूला, सेझान ओरडत घराकडे सुटला. नंतर त्यानेच सांगितलं की लहानपणी जिना उतरताना कठड्यावरून घसरत आलेल्या एका पोराने पाठीमागून लाथ घातली होती, त्याचा धसका गेला नाही.

स्पर्शाला भिणारा माणूस अकरा अकरा उघड्या शरीरांची गर्दी रंगवतोय. त्यातल्या किती जणी एकमेकींना नीट शिवतात हे बघत बसा एकदा.

तर मग समोर काय होतं? तरुणपणी पॅरिसमध्ये आकादेमी स्विस नावाची एक जागा होती. नाव मोठं, पण शिक्षक नाही, परीक्षा नाही. थोडे पैसे भरा, मॉडेल बसलेलं असेल, काढा. तिथली रेखाटनं सेझानने चाळीस वर्षं जपली. दुसरी शिदोरी लूव्हर संग्रहालयातली. मायकेलँजेलोचा बंदिवान, प्युजेची शिल्पं, रूबेन्सच्या धष्टपुष्ट बायका, हे सगळं त्याच्या वह्यांत पुन्हापुन्हा येतं. दगडी मूर्ती हलत नाही आणि बोलत नाही, तिला हात लावावा लागत नाही, ती लावतही नाही. मग हीच ठेवण एका चित्रातून दुसऱ्यात जाते. डोक्यावर हात घेतलेली पाठमोरी आकृती वीस वर्षं सापडत राहते. कधी ती पुरुष असते, कधी स्त्री. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये कमरेवर हात ठेवून, खाली बघत येणारा एक तरुण आहे, १८८५च्या सुमाराचा. तो तर स्टुडिओत काढलेल्या एका मॉडेलच्या फोटोवरून केलेला. भोवतीचं आकाश आणि भिजलेली जमीन सेझानने आपल्या पदरची घातली.

आणि तिसरी शिदोरी म्हणजे नदी.

एक्सजवळून आर्क नावाची लहानशी नदी वाहते. १८५०च्या दशकात शाळेतली तीन पोरं उन्हाळाभर तिच्या डोहात पडलेली असत. बँकवाल्याचा सेझान, बाप लवकर गेल्यामुळे हलाखीत वाढणारा एमिल झोला, आणि पुढे भौतिकशास्त्राकडे वळलेला बाप्तिस्तँ बाय. गावाने त्यांना 'अविभाज्य' असं नावच पाडलं होतं. सूर मारायचे, काठावर वाळत पडायचं, कविता म्हणायच्या, पुन्हा पाण्यात. झोला पॅरिसला गेल्यावर सेझानची पत्रं सुरू झाली. १८५८च्या एप्रिलमधल्या पत्रात तो विचारतो, आर्कच्या काठावरचं ते पाइनचं झाड आठवतं का, डोहावर झुकलेलं, आपल्या अंगावर सावली धरणारं? आणि पुढच्या वर्षीच्या एका पत्रात तो चित्रच काढून पाठवतो. झाडाखाली पाण्यात तीन पोरं. सेझानच्या स्नानचित्रांचं खातं इथे उघडतं, एका पत्राच्या कागदावर, वयाच्या विसाव्या वर्षी.

ही मैत्री पुढे टिकली नाही. झोला बडा कादंबरीकार झाला आणि १८८६मध्ये त्याने एका चित्रकाराची कादंबरी लिहिली. तिचा नायक नदीवरचं एक प्रचंड चित्र पुरं करू शकत नाही आणि त्याच चित्रापुढे गळफास घेतो. सेझानने पुस्तक मिळाल्याचं, जुन्या दिवसांची आठवण काढणारं थंड पत्र पाठवलं. ते शेवटचं पत्र असं कितीतरी वर्षं सांगितलं जायचं. अगदी अलीकडे त्यानंतरचं, १८८७चंही एक उजेडात आलं. पण दुरावा खरा होता. १९०२मध्ये झोला धुराने गुदमरून गेल्याची बातमी आली तेव्हा सेझान दिवसभर दार लावून रडला असं सांगतात. त्याच वर्षी तो त्या फटीच्या खोलीत राहायला नाही, पण रोज कामाला जायला लागला होता.

म्हणून पुरुषांची स्नानचित्रं मला आठवणीची वाटतात. ती वेगळी ठेवलेली आहेत. सेझान पुरुष आणि बायका एका चित्रात जवळपास कधीच मिसळत नाही, पोरांचा डोह आणि बायकांचा घाट वेगळा असावा तसे. १८७७च्या दृक्प्रत्ययवाद्यांच्या प्रदर्शनात त्याने विसावलेल्या न्हाणाऱ्या पुरुषांचं चित्र लावलं होतं. कायबोत या चित्रकार-संग्राहकाकडे ते होतं. त्याने आपला संग्रह देशाला दिला तर फ्रेंच सरकारने त्यातून काही चित्रं घेतली आणि काही नाकारली. हे नाकारल्यांपैकी. आज ते फिलाडेल्फियाच्या बार्न्स फाउंडेशनमध्ये आहे.

बायकांच्या चित्रांत आठवण नाही. तिथे सगळं बांधलेलं आहे. सर्वांत मोठं, फिलाडेल्फिया म्युझियम ऑफ आर्टमधलं घेऊ. दोन मीटर दहा सेंटिमीटर उंच, अडीच मीटर रुंद. डावीकडची झाडं उजवीकडे कललेली, उजवीकडची डावीकडे, वर कुठेतरी एकमेकांना भिडणारी, एखाद्या कमानीसारखी. खाली दोन्ही बाजूंना बायकांचे दोन घोळके आणि मधोमध मोकळी जागा.

आता अगदी डावीकडची बाई बघा. ती चालत आत येतेय आणि तिचं अंग नेमकं तिच्या मागच्या खोडाइतकंच तिरकं आहे. तिच्या मांडीपासून खांद्यापर्यंत जाणारी रेघ खोडात सुरू राहते आणि फांदीत संपते. बाई झाडाला टेकलेली नाही, पण ती काढून घेतली तर झाड पडेल. चेहरा? एक तपकिरी डाग, दोन फटकारे. बोटं मोजायला जाऊ नका, नाहीत. मात्र दंडाच्या कडेने एक निळी रेघ गेलीय, ती मध्येच तुटते, बोटभर बाजूला पुन्हा सुरू होते, परत तुटते. जणू दंड नेमका कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते यावर त्याचं स्वतःशीच एकमत झालेलं नव्हतं. तुटलेल्या जागेतून मागचं निळं अंगात शिरतं आणि अंगाचा गेरू बाहेर सांडतो. आकाशाचा निळा खांद्यावर आहे, गवताचा हिरवा पोटरीवर. बेर्नारला लिहिलेल्या एका पत्रात त्याने सांगितलंय की हवा जाणवायची असेल तर पुरेसा निळा घालावा लागतो. इथे ती हवा बायकांच्या आतूनही वाहते.

आणि मध्येच कोरा कॅनव्हास. ठिकठिकाणी, पायापाशी, झाडांमध्ये, रंगच नाही. नुसतं अस्तर. अपुरं राहिलं म्हणावं तर चालेल, तो त्यावर काम करता करताच गेला. पण त्याच्या शेवटच्या वर्षांतल्या पुष्कळ चित्रांत अशा जागा आहेत. एक फटकारा चुकला तर सगळं चित्र पुन्हा जुळवावं लागेल, म्हणून खात्री होईपर्यंत जागा मोकळी सोडायची, असा त्याचा बाणा होता. मला त्या जागा उन्हासारख्या दिसतात. प्रोव्हान्सचं पांढरं, डोळ्यांवर येणारं ऊन, जे रंगवायचं तर रंग न लावणं हाच उपाय.

आता पाण्याचा प्रश्न थोडा सुटायला लागतो. पाणी घातलं असतं तर लाट आली असती, चमक आली असती, आणि चमकेबरोबर वेळ आली असती, सकाळची की दुपारची. सेझानला वेळ नको होती. दृक्प्रत्ययवादाला संग्रहालयांतल्या जुन्या कलेसारखं भक्कम आणि टिकाऊ करायचंय असं तो म्हणायचा. भक्कम करायचं तर नदी गोठवायला हवी, आणि गोठलेल्या नदीत कोण उतरणार? म्हणून सगळ्या काठावर बसून आहेत.

बेर्नारने १९०४मध्ये ले लोव्हच्या खोलीत एक फोटो काढला. तीन मोठ्या स्नानमग्नांपैकी पुढे बार्न्स फाउंडेशनमध्ये गेलेलं चित्र मागे, आणि समोर खुर्चीत सेझान, कपड्यांवर रंगाचे डाग, दोन्ही हात मांडीवर. मजुरी संपल्यावर मुकादमाची वाट बघत बसलेल्या कामगारासारखा दिसतो तो.

या कोरड्या बायकांनी नंतर काय काय केलं तेही ऐकण्यासारखं आहे. १८९९मध्ये आंरी मातिस नावाच्या, खिशात दमडी नसलेल्या तरुण चित्रकाराने व्होलारकडून सेझानच्या 'तीन स्नानमग्ना' घेतल्या. दोन फुटांहूनही लहान चित्र, पण त्यासाठी बायकोची पाचूची अंगठी गहाण पडली, ती परत मिळालीच नाही. मातिसने ते चित्र ३७ वर्षं घरात ठेवलं. तंगीत इतर कितीतरी गोष्टी विकल्या, हे नाही. १९३६मध्ये पॅरिसच्या पती पाले संग्रहालयाला ते भेट देताना त्याने कळवलं की कलावंत म्हणून अवघड वेळी या चित्राने मला तगवलं. इंग्रज शिल्पकार हेन्री मूरने १९२२मध्ये पॅरिसला आज फिलाडेल्फियात असलेल्या मोठ्या स्नानमग्ना पाहिल्या आणि त्या आयुष्यभर डोक्यात राहिल्या. पुढे त्याने सेझानचं एक छोटं स्नानचित्र विकत घेतलं, आणि १९७८मध्ये त्यातल्या तिन्ही बायका कांस्यात घडवल्या. म्हणजे आता त्यांच्या मागून फिरून येता येतं. चित्रातली सपाट आकृती मागून कशी असेल याचा असा हिशेब मांडायला मूरसारखाच वेडा हवा.

फिलाडेल्फियाच्या संग्रहालयाने आपलं चित्र १९३७मध्ये १,१०,००० डॉलरना घेतलं. मंदीचे दिवस. स्थानिक वर्तमानपत्राने लगेच टोमणा मारला की शहरातल्या हजारो लोकांच्या घरी आंघोळीचा टब नाही, आणि हे आंघोळीचं चित्र विकत घेतायत! टोमणा बिनतोड आहे. शहरातलं दुसरं मोठं चित्र ज्याच्या फाउंडेशनकडे गेलं त्या बार्न्स नावाच्या संग्राहकाचा पैसा मात्र डोळ्यांतून आला होता. नवजात बाळांच्या डोळ्यांना जंतू लागू नये म्हणून वापरायच्या चांदीयुक्त औषधावर तो श्रीमंत झाला होता.

एक धागा मुंबईपर्यंतही येतो. नागपूरला आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, प्रोग्रेसिव्ह ग्रुपचे सय्यद हैदर रझा १९४८मध्ये काश्मीरला चित्रं काढत होते. तिथे फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँने त्यांची चित्रं पाहिली आणि सांगितलं, हात चांगला आहे, पण बांधणी नाही, सेझान बघा. दोन वर्षांनी रझा फ्रान्सला गेले आणि पुढची साठ वर्षं तिथे राहिले. त्यांनी न्हाणाऱ्या बायका काढल्या नाहीत. पण चित्र घरासारखं बांधायचं असतं, प्रत्येक रंगावर दुसऱ्याचा भार असतो, हा धडा तिथला. त्यांच्या उतारवयातल्या चित्रांतला बिंदूसुद्धा किती वजन पेलून बसलेला असतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटेल.

१९०६चा उन्हाळा एक्सला फार कडक गेला. ले लोव्हच्या खोलीत बसवेना. सेझान घोडागाडी करून आर्कच्या काठावर जायला लागला, पन्नास वर्षांपूर्वी जिथे पोहायचा तिथेच, तीन उड्यांचा पूल म्हणून जो पूल आहे त्याच्या आसपास. पाण्यात तो उतरला नाही. सावलीत बसून जलरंग करायचा. ८ सप्टेंबरला मुलाला पत्र लिहिलं की इथे काठावर विषय इतके आहेत की जागा न सोडता, नुसता थोडा उजवीकडे आणि थोडा डावीकडे वाकून, महिनोन्महिने काम करता येईल. उन्हाळ्यातला तो सगळा मुक्काम असाच गेला, मान इकडून तिकडे वळवत.

ऑक्टोबरच्या १५ तारखेला बाहेर रंगवत असताना वादळी पावसाने गाठलं. काही तास तो भिजत राहिला आणि परतताना रस्त्यात कोसळला. कपडे धुवायला नेणाऱ्याची गाडी त्या बाजूने येत होती. तिच्यावर घालून त्याला घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठून बागेत माळ्याचं चित्र पुढे नेण्यासाठी गेला, आणि आठवड्याभरात संपला.

मोठं चित्र खोलीतच होतं. ते फटीतून बाहेर निघालं, आणि फिरत फिरत फिलाडेल्फियाला पोचलं. त्यात दोन घोळक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून बघितलं तर मागे नदी आहे, पलीकडच्या काठावर दोन बारीक आकृत्या उभ्या आहेत, त्यांच्यामागे झाडं आणि एखादं घर. आणि नदीच्या मधोमध, करंगळीच्या नखाएवढं, एक जण पोहतंय.